खंडेनवमीला धुतलेले मॅग्नेट

माझ्या धाकट्या भावाची वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड होती. तिथे विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोटारींचे रोटर तयार होत. रोटर म्हणजे मोटारीचा फिरणारा गाभा. पोलादी पत्र्यांचा एक गोल गठ्ठा, त्याच्या कडेने खाचा आणि प्रत्येक खाचेत एक मॅग्नेट. शाळेत पाहिलेला लाल रंगाचा नाल इथे डोळ्यांसमोर आणू नये. हा मॅग्नेट म्हणजे करड्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी चपटी वडी. पाटीचा फुटलेला तुकडाच वाटावा. शेडमध्ये येतो तेव्हा तो कशालाही चिकटत नाही. बायका टेबलाशी बसून त्याला गोंद लावत आणि खाचेत सरकवत. सगळ्या खाचा भरल्या की रोटर तारेच्या जाड वेटोळ्यात ठेवून विजेचा एकच झटका देत. चुंबकत्व त्या क्षणी यायचे.

त्याआधी भाऊ पेट्रोलच्या इंजिनाचे सुटे भाग करत असे. वडिलांनी घेतलेल्या दोन लेथ मशीन होत्या. वडील गेल्यावर काही वर्षे त्याने त्या चालवल्या आणि मग विकल्या. आईला ते आवडले नव्हते. तो मला म्हणाला होता, "इंजिन संपणार, ताई. मोटार राहणार. तुमच्याच पेपरात येतंय ना रोज?"

येत होते. मी शहरातल्या एका दैनिकात डेस्कवर काम करते. पेट्रोलसाठी आखाताकडे पाहण्याचे दिवस संपत आले, आता ऊन आपले, वारा आपला, वीज आपली, अशा आशयाच्या बातम्यांना मी मथळे दिलेले आहेत. त्या खोट्या नव्हत्या. त्यांत एवढेच नसे की त्या विजेवर चाक फिरवायला जो मॅग्नेट लागतो, तो आपला नाही. तापलेल्या मोटारीत मॅग्नेटची ताकद टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोशियम नावाच्या धातूचा थोडा अंश घालतात. तो शुद्ध करण्याचे काम जवळपास सगळे चीनमध्ये होते. भाऊ हे हसत सांगायचा, "आधी अरबाच्या तोंडाकडं बघायचो, आता चिन्याच्या. मान वळवली फक्त."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात चीनने अशा मॅग्नेटच्या निर्यातीवर परवाना लावला. एजन्सीची बातमी होती. ती आमच्याकडे अर्थविषयक पानावर खालच्या बाजूला लागली. त्या दिवशी वरची बातमी कशाची होती ते आता आठवत नाही.

परवान्यासाठी माल घेणाऱ्याने लिहून द्यायचे होते की हे मॅग्नेट कोणत्याही शस्त्रासाठी वापरले जाणार नाहीत. भावाने तो मजकूर माझ्याकडून वाचून घेतला. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिने विचारले, "कशाचं लिहून मागत्यात?"

"मी बंदुका करत नाही म्हणून."

"तुझ्याच्यानं साधा उंदीर मरत नाय. बंदुका करतोय!" आई म्हणाली. "त्यांना म्हणावं हिकडं या, बघून जा."

कागद गेले. उत्तर आले नाही. ज्याच्यामार्फत माल येई तो मुंबईचा व्यापारी दर आठवड्याला 'पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिला. पावसाळा मध्यावर आला तेव्हा शेडमधला साठा संपत आला होता. स्कूटरसाठी मोटारी जोडणाऱ्या ज्या कंपनीला भाऊ रोटर देत असे, तिथल्या खरेदी विभागाच्या साहेबांनी त्याला बोलावून स्पष्ट सांगितले. दिवाळीपर्यंत रोटर देत राहिलास तर काम तुझ्याकडे राहील. मध्ये खंड पडला तर आम्हाला दुसरी सोय पाहावी लागेल.

तेव्हापासून भावाचे एकच काम होते. त्याच मापाचे मॅग्नेट देशात कुठे पडून आहेत ते शोधणे. तो राजकोटला गेला, दिल्लीला गेला. कोइंबतूरला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मालकाने त्याला आधी दारातूनच परत पाठवले होते. हा दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पायरीवर बसला. शेवटी त्या म्हाताऱ्या गृहस्थाने राहिलेले सगळे दिले आणि वर डोसाही खाऊ घातला. असे करत दिवाळीपर्यंत पुरतील एवढे मॅग्नेट जमले. हवा काढून बंद केलेल्या पिशव्या, त्यांवर चिनी अक्षरे, आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या. शेडचा पत्रा एका कोपऱ्यात गळत होता. या मॅग्नेटला ओल चालत नाही. म्हणून त्याने त्या पिशव्या डब्यांत भरल्या आणि ते डबे पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये आणून आईच्या कपाटात ठेवले. तो आणि आई तिथे राहत. मी दोन गल्ल्या सोडून राहते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी आईकडे होते. आईने त्याला फोन लावला आणि ऐकू येत नाही म्हणून स्पीकर सुरू केला. मागे बायकांचा आवाज होता. शेडची साफसफाई चालली होती.

"आरं, उद्या पूजेला तुझं काय ठेवू? दरसाली तुझी ती मापाची पट्टी ठेवते."

"ती लागतीय इकडं, आई."

"मग काय ठेवू? तुझ्या नावाचा पाट मोकळा ठेवू का?"

"ते डबे ठेव की कपाटातले," भाऊ म्हणाला. "आता तेच आमचं हत्यार."

पलीकडे कुणीतरी हसले. तोही हसला. आई म्हणाली, "व्हय, बरं आठवण दिली," आणि फोन ठेवला. मी कामावर गेले.

आईचे माहेर कन्नड तालुक्यातले, शेतीवाडीचे. तिथे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कोयते, विळे, कुऱ्हाडी, पेरणीच्या पाभरीचे फण असे सगळे लोखंड चिंचेच्या पाण्यात भिजत घालत. सकाळी घासून, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडत. न धुता हत्यार पूजेला ठेवायचे नसते. शहरात आल्यावर तिने तेच विळी, कात्री, सांडशी आणि अडकित्त्यासाठी चालू ठेवले होते. हे आम्हा दोघांना लहानपणापासून माहीत होते. इतके माहीत होते की त्याचा विचार कुणी केला नाही.

खंडेनवमीला सकाळी मी गेले तेव्हा पूजा मांडून झाली होती. पाटावर विळी, कात्री, माझ्यासाठी एक पेन. मध्ये पितळेची मोठी परात, आणि परातीत मॅग्नेट, सगळे. पाण्यातून काढून फडक्यावर निथळवलेले, ओळीने रचलेले. प्रत्येक थरावर हळद आणि कुंकू. वर झेंडूची फुले. बाजूला एका वाटीत ओल शोषणाऱ्या त्या पुड्या जपून ठेवलेल्या होत्या.

भाऊ आंघोळ करून बाहेर आला. आदल्या दिवशी शेडवरून उशिरा येऊन तो जेवून झोपला होता. भिजवण गॅलरीत झाकून होते. त्याला काही दिसले नव्हते.

"बघ कसं लखलखीत निघालंय," आई म्हणाली. "लई मळ व्हता रे. काळपट थर बसलेला. चिंचेत टाकलं तर बुडबुडं सुटलं, सोड्यात टाकल्यागत."

तो परातीजवळ बसला. त्याने एक मॅग्नेट उचलला आणि अंगठ्याने घासला. अंगठा काळा झाला. त्याने दुसरा उचलला, मग परातीच्या तळातला एक काढून पाहिला.

"सगळे धुतलेस, आई?"

"मग? एकाला आंघोळ घालायची आन् बाकीच्यांना पारोसं बसवायचं?"

त्याने उचललेले मॅग्नेट परत ओळीत ठेवले. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. वर्णन करावे असे त्यावर काही नव्हते.

"छान झालंय," तो म्हणाला.

आईने त्याला कुंकू लावले, हात जोडायला सांगितले. त्याने जोडले. तिने आरती केली. त्याने प्रसादाची खोबऱ्याची वडी खाल्ली आणि चांगली झाली असे सांगितले. आज हत्यार हलवायचे नाही, उद्या ने, असे आईने बजावले. तो म्हणाला, "हो, उद्याच नेतो."

जिन्यात त्याने मला थांबवले.

"गेले, ताई."

"काय गेले?"

"मॅग्नेट. सगळे." तो अगदी हळू बोलत होता, शिकवणी घ्यावी तसा. त्या करड्या थरामुळेच आतला धातू टिकतो. आंबट पाण्यात थर गेला, आणि मग पाणी आत शिरले. आता ते भुगा होत राहणार. माप बिघडले, गोंद धरणार नाही. "आईला सांगायचं नाही. आत्ता नाही आणि कधीच नाही. शपथ घे."

मी घेतली. तो म्हणाला, "शेडसाठी हार घ्यायचेत," आणि झेंडू घ्यायला निघून गेला. त्या दिवशी शेडमध्ये पूजा झाली, नारळ फुटला, बायकांना पेढे वाटले गेले, हे मला नंतर कळले.

दसऱ्यानंतर त्याने जे शक्य होते ते करून पाहिले. मॅग्नेट भट्टीत वाळवले. बायकांनी पॉलिश पेपरने घासले. काही बसले, पण झटका दिल्यावर रोटर कमी ताकदीचे निघाले आणि कंपनीने ते परत केले. त्यांनी दुसरी सोय पाहिली. ती अशी होती. सुटा मॅग्नेट चीनमधून आणायला परवाना लागत होता. तोच मॅग्नेट बसवलेली अख्खी मोटार आणायला लागत नव्हता. त्यामुळे कंपनीने अख्ख्या मोटारी मागवल्या. वाळूजच्या त्या टेबलावर बसणाऱ्या बायकांचे काम समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी टेबलावर गेले. यात नियमबाह्य काहीही नव्हते.

मॅग्नेट वाचले असते तर शेड वाचली असती का, हे मला सांगता येत नाही. अख्ख्या मोटारींचे नमुने कंपनीकडे आधीच येऊन पडले होते, असे भाऊच म्हणाला. दिवाळीनंतर कदाचित हेच झाले असते. कदाचित नसते. मी या प्रश्नाकडे अनेकदा परत गेले आहे. दोन्ही बाजूंनी पुरावा अपुरा आहे.

शेड बंद होताना आईने विचारले, का.

"चीननं माल दिला नाही, आई."

हे वाक्य खरे होते. आईने ते घट्ट धरले. शेजारपाजारी, नातेवाइकांत, भाजीवाल्याकडे ती तेच सांगे. सकाळी पेपर आला की चीनचे नाव कुठे आहे ते आधी शोधे. दिवाळीत भावाने गॅलरीसाठी दिव्यांची माळ आणली. आईने डबा उलटा करून पाहिला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने मला विचारले, "कुठली हाय?" मी सांगितले. तिने माळ परत त्याच्या हातात दिली.

"ज्यांनी तुझ्या पोटावर पाय दिला त्यांचा उजेड माझ्या दारात नको."

तो मुकाट्याने गेला आणि ती दुकानात परत करून आला. त्या वर्षी गॅलरीत फक्त पणत्या होत्या.

थंडी सरत आली तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला. काही जणांना परवाने मिळू लागले होते. आपलाही नंबर लागेल, माल हवा का, असे तो विचारत होता. तोवर शेडची जागा दुसऱ्याने घेतली होती आणि वेटोळ्याचे मशीन विकले गेले होते. भावाने त्याला नको म्हणून सांगितले आणि पुढच्याच आठवड्यात तो चाकणला नोकरीला गेला. बाहेरून आलेल्या मोटारींची खोकी उघडून तपासण्याचे काम आहे. तो पस्तिशीचा आहे, लग्न झालेले नाही. चार जणांबरोबर खोलीत राहतो.

तो गेल्यावर आई दर रविवारी त्याला फोनवर म्हणे, "ये रे. बसनं पाच-सहा तासाचं तर हाय. तिथं काय सोनं लागलंय?" तो पुढच्या रविवारी म्हणे, आणि खरेच एखाद्या रविवारी येई. मेथीचे धपाटे खाऊन, डबा घेऊन परत जाई.

ईदच्या दुसऱ्या दिवशी शेडमधली एक बाई आईला शीरखुर्मा घेऊन आली. ती सिल्लोडची, लग्न होऊन शहरात आलेली. गोंदाच्या टेबलावर ती सगळ्यांत जुनी होती आणि सगळ्यांत बडबडी. आई तिला फक्त एकदाच, शेड सुरू झाली तेव्हाच्या पूजेत भेटली होती. तरी ती दारातूनच "अम्मा" म्हणत आली. मी चहा ठेवला.

"भाऊ कसे हैत? बारीक झाले का?"

"झालाच आसंल. मेसचं खातोय."

"आमी आता बिस्किटच्या पॅकिंगला जातो, अम्मा. पण भाऊच्या शेडसारखी मजा नाय. तिथं हसलं का सुपरवायझर घड्याळ बघतो." ती हसली. "भाऊ कधी ओरडले नाय. ते मॅग्नेट खराब झाले तेव्हा पण नाय. आमी म्हटलं, आता फुटतंय डोकं कोणाचं तरी. तर भाऊ गप. म्हणाले, घासून बघू."

"कोणचे खराब झाले?" आईने विचारले.

"ते शेवटचे नाय का, लांबून लांबून जमवलेले? पाण्यात गेले म्हणे. पेपर मारला तर नुसती काळी पावडर. भट्टीत टाकले तर, अम्मा, तुमची कसम, चिंचेचा वास सुटला! मी म्हटलं, भाऊ, मॅग्नेटची आमटी केली का काय कुणी?" ती मोठ्याने हसली. "सगळ्या हसल्या. भाऊ पण हसले. लई चांगला माणूस."

मी स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होते. आई हसली नाही आणि गप्पही झाली नाही. तिने विचारले, "मग ते कामाला आलेच नाय का?"

"नाय ना. ते असते तर दिवाळीपर्यंत तरी निघालं असतं. भाऊच म्हणत होते आधी."

"चहा घे," आई म्हणाली. "निवतोय."

बाई निघाली तेव्हा आईने तिचा डबा धुऊन, पुसून, त्यात साखर भरून दिला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. जिन्यापर्यंत सोडायला गेली. परत आली, दार लावले आणि खुर्चीवर बसली.

"तुला ठाव व्हतं?"

"हो."

"आन् त्याला तवाच कळलं? हात जोडले तवा?"

"हो."

तिने पदर तोंडाशी धरला. रडली असे म्हणता येणार नाही. पदराआडूनच म्हणाली, "खोबऱ्याची वडी मागून घेतली त्यानं. दुसरी." मग म्हणाली, "मला कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाय. त्याला वाटू दे मला चीनचंच ठाव हाय. तेवढ्यासाठीच गप बसलाय ना तो? मग तेवढं तरी राहू दे त्याचं."

मी तिलाही शब्द दिला. एकाच गोष्टीबद्दल दोघांना दिलेला हा दुसरा शब्द. तो मोडायचा तर कोणाचा मोडावा, हे मला ठरवता आलेले नाही.

त्यानंतर आई चीनचे नाव घेत नाही. पेपर तसाच घडी घातलेला पडलेला असतो. मी विचारले तर डोळे दुखतात म्हणते.

मागच्या रविवारी भावाचा फोन आला तेव्हा आई न्हाणीघरात होती. फोन मी घेतला. जेवणाचे, उकाड्याचे बोलून झाले. मग तो म्हणाला, "ताई, एक विचारू? आई मला ये म्हणत नाही गं आता."

मी न्हाणीघराच्या बंद दाराकडे पाहिले.

"आधी दर वेळी म्हणायची. आता नुसतं विचारती, बरा आहेस ना, आणि फोन तुझ्याकडं देती. रागावली का? तिला एकटीला टाकून आलो म्हणून?"

"नाही."

"मग काय?"

"वय झालंय तिचं," मी म्हणाले. "विसरत असेल."

"ये म्हणायला विसरती?" तो म्हणाला. मग म्हणाला, "असेल, असेल," आणि ड्यूटीची वेळ झाल्याचे सांगून फोन ठेवला.

आई केस पुसत बाहेर आली. कोणाचा फोन, तिने विचारले. मी सांगितले. तो काय म्हणाला तेही सांगितले. तेवढे सांगण्याने कोणाचाच शब्द मोडत नव्हता.

तिने ओल्या टॉवेलची घडी घातली आणि तो खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"कोणत्या तोंडानं ये म्हणू?" ती म्हणाली.

मग म्हणाली, "लावून दे."

मी नंबर लावून दिला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. आईने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला, तोंड उघडले आणि थांबली. तो पलीकडून आई, आई म्हणत होता. मला ते ऐकू येत होते.

"जेवला का?" आईने विचारले.

तो जेवलो म्हणाला.

"बरं," आई म्हणाली, आणि फोन माझ्याकडे दिला.